साठवलेले पाणी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात पाण्याला माणसाहून अधिक मान आहे. यात नवल काही नाही. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला पाणी हे नुसते पाणी वाटतच नाही. समोरच्या डोंगरावर गोदावरी उगम पावते, कुशावर्तात ती पुन्हा प्रकट होते, आणि तिथून 1465 किलोमीटरची वाट चालून बंगालच्या उपसागराला मिळते, हे आम्ही भूगोलात नंतर शिकतो. त्याआधी आजीकडून शिकतो ते एवढेच, की पाण्याला 'गंगा' म्हणायचे, आणि नळाखाली हात धुतला तरी गंगेत थुंकायचे नाही.

या मानाचे घरातले सिंहासन म्हणजे आमचा तांब्याचा हंडा. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, देवळाजवळच्या एका तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानात कामाला आहेत. गडू, ताम्हन, पळी-पंचपात्री, अभिषेकपात्र, घंगाळी, हे सारे घासायचे, पुसायचे, मांडायचे आणि गिऱ्हाइकाला काढून दाखवायचे. 2015 च्या सिंहस्थात मी अगदी लहान होते. दुकानाच्या मागे गडव्यांची थप्पी माझ्या डोक्याहून उंच लागलेली मला आठवते. त्या सिंहस्थात आण्णांना मालकांनी एक हंडा बक्षीस दिला. तोच हा. दर शनिवारी तो चिंचेने घासला जातो आणि उगवत्या सूर्यासारखा होऊन कोपऱ्यात बसतो. रात्री भरून ठेवलेले त्यातले पाणी सकाळी सर्वांनी प्यायचे, हा घरचा नियम. आण्णा चौथी शिकलेले, आईची शाळा त्याहून आधी सुटली. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पण पाण्याचा नियम मलाही सुटलेला नाही.

असे असताना मी घरात पाण्याची दुसरी एक व्यवस्था सुरू केली, त्याची ही हकिगत आहे.

'कमवा आणि शिका' योजनेत मला ग्रंथालयात काम मिळाले. काम म्हणजे पुस्तकांवरची धूळ झटकणे आणि चुकलेली पुस्तके आपापल्या कपाटात पोहोचवणे. गेल्या जूनमध्ये अर्थशास्त्राच्या कपाटात एक इंग्रजी पुस्तक सापडले. त्यात आकडे नव्हते, काचेच्या पेट्या होत्या. पेटीत हिरवे रान, आणि त्या रानात तांबड्या रंगाचे, बोटाच्या पेराएवढे झिंगे चरत होते! चरत होते हाच शब्द योग्य. गायी जशा डोंगरउतारावर तोंड खाली घालून चरतात, तसेच. शब्दकोश शेजारी घेऊन मी ते पुस्तक महिनाभर वाचले. माझे इंग्रजी त्या महिन्यात जितके सुधारले, तितके अभ्यासाच्या पुस्तकांनी कधी सुधारले नव्हते, हे प्राध्यापक मंडळींनी कृपया मनावर घेऊ नये.

काचेच्या पेटीत पाणी, वनस्पती आणि प्राणी यांचा मेळ बसवला तर पाणी बदलत राहण्याची गरज फारशी उरत नाही, हे लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1850 मध्ये मांडले. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी पहिले मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले. आणि वनस्पतींनी भरलेल्या पेटीत शेवाळ खाण्यासाठी झिंगे सोडायची रीत जगभर रूढ केली ती ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने. 2015 मध्ये ते वारले. ज्या जातीच्या झिंग्यांवर त्यांचा लोभ होता, तिला आज त्यांचेच नाव आहे. झिंग्याला आपले नाव दिले गेल्याचा आनंद मानणारी माणसे जगात आहेत, हे वाचून मला फार बरे वाटले. कारण आमच्या वस्तीत झिंगा हा शब्द फक्त कालवणाच्या संदर्भात उच्चारला जातो.

आजी तरुणपणी पावसाळ्यात ओहोळाच्या तोंडाशी जुने लुगडे धरून झिंगे पकडायची. ते वाटीभर मिळाले तरी घरात सण होई. त्यामुळे मी पेटी मांडायला घेतली तेव्हा तिचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता.

"काय करू राह्यली गं?"

"झिंगे पाळायचेत, आजी."

"पाळायचे? मंग खायचे कधी?"

पेटी मला फुकटच मिळाली. एका लॉजवाल्याने अडगळीत टाकलेली, दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. एका कोपऱ्यातून ती गळत होती. जुना सिलिकॉन पात्याने खरवडून नवा भरला, दोन दिवस वाळू दिला. अशा पेटीत पन्नास लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे पन्नास किलोंचा भार झाला. तो पेलण्यासाठी भिंतीलगतचा दगडी ओटा निवडला आणि काचेखाली थर्माकोलचा तुकडा अंथरला, म्हणजे ओट्यावरचा खडा काचेला टोचायला नको. तळाला बांधावरची चाळलेली माती एक इंच, तिच्यावर धुतलेली वाळू एक इंच. ती वाळू इतके वेळा धुतली, की आई म्हणाली, "एवढे तांदूळ धुतले असतेस तर गावजेवण झाले असते." पाणी ओतताना माती उसळू नये म्हणून मध्ये स्टीलची ताटली ठेवली आणि तिच्यावर बारीक धार सोडली. तळ्यातून आणलेले हायड्रिला, दुकानातून आणलेले गवतासारखे व्हॅलिसनेरिया, दगडाला दोऱ्याने बांधलेले जावा मॉस हे सारे लावण्याआधी तुरटीच्या पाण्यात बुडवून काढले, म्हणजे गोगलगायींची अंडी सोबत येऊ नयेत. एक स्पंजची गाळणी, तिला हवेचा छोटा पंप, आणि वर दिवसाचे आठ तास जळणारा दिवा. रान तयार झाले.

पण रान तयार झाले म्हणून लगेच गुरे सोडता येत नाहीत. प्राण्यांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या पानांतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते त्या मानाने निरुपद्रवी, आणि वनस्पतींना ते खत म्हणून चालते. हे जीवाणू स्पंजवर, वाळूवर, पानांवर घर करतात, पण त्यांची वस्ती वाढायला महिना-दीड महिना लागतो. तोवर पेटीत फक्त पाणी आणि पाला. जीवाणूंना खाद्य हवे म्हणून मी रोज चिमूटभर माशांचे खाणे टाकत असे. रिकाम्या पेटीला नेमाने जेवू घालणारी मुलगी पाहून शेजारच्या काकूंनी आईकडे माझ्या तब्येतीची चौकशी केली.

नाशिकच्या दुकानदाराने मला त्याच्या जुन्या पेटीतला स्पंज पिळून गढूळ पाण्याची एक बाटली दिली होती. ती मी ओतताना आजी पाहत होती. घाण पाणी स्वच्छ पाण्यात का घालतेस, असे तिने विचारले. मी जीवाणू, नायट्रोजन वगैरे बरेच बोलले. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजे विरजण लावलं म्हण की." नायट्रोजनचक्रावर मी इतकी पाने वाचली होती, पण एवढे नेमके वाक्य मला सुचले नव्हते.

विरजण लागले. दिवाळीच्या आधी मी दहा तांबडे झिंगे आणले. त्यांना चेरी झिंगे म्हणतात. मूळचे ते तैवान आणि चीनकडच्या ओढ्यांतले. तिथे त्यांचा रंग मातकट असतो. तांबड्यांतून अधिक तांबडे निवडत निवडत पाळणाऱ्यांनी हा रंग आणला. नाशिक ते त्र्यंबक अशी एसटीतली अठ्ठावीस किलोमीटर मी ती पिशवी छातीशी धरून आले. शेजारच्या बाईने विचारले, "औषध आहे का?" मी "हो" म्हणाले. घरी आल्यावर सलाईनच्या नळीने पेटीतले पाणी त्यांच्या भांड्यात थेंब थेंब दोन तास सोडले, कारण नव्या पाण्यात एकदम टाकले तर हे जीव दगावतात. मग एकेकाला जाळीने पेटीत उतरवले.

त्यानंतरचे तीन महिने मी जे पाहिले ते सांगायचे तर हा अंक पुरणार नाही. झिंगा वाढतो म्हणजे जुने कवच टाकतो. कवच टाकायला निघाला की एका झटक्यात त्यातून उडी मारून बाहेर येतो. मागे उरते ती काचेसारखी पारदर्शक, मिशांसकट अखंड आकृती. आईने पहिल्यांदा ती पाहून "मेला गं एक" म्हणून हाक मारली होती. नवे कवच टणक व्हायला चुना लागतो, म्हणून ते आपले जुने कवच कुरतडून खातात. आम्ही त्यात अंड्याच्या टरफलाची पूडही टाकत असू. उकडलेला पालक, शेवग्याचा पाला, देशी बदामाचे वाळके पान, हे त्यांचे पक्वान्न. संध्याकाळी दुकानातून आल्यावर आण्णा चहाचा कप घेऊन पेटीसमोर बसत. त्यांच्या बोटांच्या रेषांत तांब्याची काळी घासण भरलेली असे. ते कधी काही बोलत नसत. एकदाच म्हणाले, "यांचं बरंय. दिवसभर घासतात, पण कोणाची बोलणी नाही."

जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर लागले. मला जायचे होते. पेटी कोण पाहणार? आण्णा म्हणाले, "मी पाहतो." मी त्यांना व्यवस्थित सूचना दिल्या. खाणे एक दिवसाआड, एवढेच. आणि एक दिवसाआड अर्धी बादली पाणी काढून तेवढेच नवे घालायचे. "नळाचे पाणी थेट घालू नका, त्यात क्लोरीनचे औषध असते. एक दिवस साठवलेले पाणी घाला." आण्णांनी मान हलवली.

आठव्या दिवशी मी घरी आले. पिशवी खाली ठेवण्याआधी पेटीपाशी गेले. पाणी आरशासारखे स्वच्छ होते. तळाला झिंगे आडवे पडले होते. कवचे असतील म्हणून मी जाळी घातली. ती कवचे नव्हती. कवच पारदर्शक असते, मेलेला झिंगा शिजल्यासारखा गुलाबी-पांढरा होतो. सात मोजले. जे उरले होते ते पाण्याच्या वरच्या काठाशी चिकटून धडपडत होते.

आण्णा दुकानातून आले तेव्हा मी दारातच त्यांना विचारले, "कुठले पाणी घातले?"

ते म्हणाले, "तू सांगितलं तेच. साठवलेलं. हंड्यातलं."

आमच्या घरात साठवलेले पाणी म्हणजे हंड्यातले पाणी. दुसरे साठवलेले पाणी आमच्या घरात नाहीच. त्यांनी रोज रात्री हंडा भरला होता. उलट, मुलीच्या झिंग्यांसाठी म्हणून शनिवारच्या शनिवारी न थांबता मधल्या वारीही चिंचेने लख्ख घासला होता. घरातले सर्वांत चांगले पाणी त्यांनी त्या जिवांना दिले होते.

आणि तांबे हे झिंग्यांचे जहर आहे. माणसाला ज्याची दादही लागत नाही एवढा तांब्याचा अंश त्यांना मारायला पुरतो, त्यात पाणी मऊ असेल तर अधिकच. हे पुस्तकात ठळक अक्षरांत छापले होते. मी ते वाचले होते. घरात मात्र कधी सांगितले नव्हते. ज्या घरात तांब्यावर चूल पेटते, त्या घरात 'तांबे वाईट' असे वाक्य माझ्या तोंडून निघाले नव्हते. क्लोरीन सांगितले, कारण त्यात माझी हुशारी दिसत होती. तांबे सांगितले नाही.

हे सारे मला आज इतके स्पष्ट दिसते. त्या संध्याकाळी दिसले नाही. त्या संध्याकाळी मी आण्णांना म्हणाले, "चौथी शिकलेल्या माणसाने कळत नाही त्याला हात कशाला लावायचा?"

माझी फी भरण्यासाठी ज्या माणसाने दोन वर्षे स्वतःला नवा सदरा घेतला नाही, त्याला मी हे बोलले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी हात धुतले आणि ते ओट्यावर जाऊन बसले. त्या रात्री ते पेटीपुढे चहा घ्यायला आले नाहीत. दुसऱ्या रात्रीही नाही.

मी मेलेले काढले. नळाचे पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत साठवून रोज थोडे थोडे बदलत राहिले. तीन झिंगे जगले. त्यांतल्या एका मादीच्या पोटाखाली अंड्यांचा पिवळसर घोस होता. एवढ्या विषातही तिने तो टाकला नव्हता. पायांनी ती त्या अंड्यांना सारखा वारा घालत होती.

तिसऱ्या दिवशी रात्री मी पुस्तक घेऊन आण्णांशेजारी ओट्यावर जाऊन बसले. क्षमा मागावी असे मनात होते, पण तो शब्द आमच्या घरात वापरायची सवय नाही. म्हणून मी आपले पुस्तकच उघडले. म्हटले, "आण्णा, तांबे पाण्यात उतरते. त्याने ते मेले. तुमची चूक नव्हती, मी सांगायला हवे होते."

ते थोडा वेळ समोरच्या डोंगराच्या काळ्या रेषेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "उतरतं ते मला ठाऊक आहे, बाई. उतरतं म्हणून तर लोक हंडा नेतात. ताक ठेवलं तर कळकतं. मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो, आंबट ठेवू नका, ठेवायचं तर कल्हई लावून घ्या. माणसाला पाण्यातलं तेवढं सोसतं. या एवढ्याशा जिवाला कसं सोसंल? तू एक शब्द बोलली असतीस, तर मी हंड्याला हात लावला नसता."

मी पुस्तक मिटले. तांबे पाण्यात उतरते, आंबटाने अधिक उतरते, हे मला पुस्तकाने या वर्षी शिकवले. आण्णांना ते कधीपासून माहीत होते. झिंग्यांना ते सोसत नाही, एवढेच त्यांना माहीत नव्हते, आणि ते सांगणे माझे काम होते. माझ्या शिक्षणाचा त्या घराला उपयोग व्हायचा तो नेमका तेवढ्या एका वाक्याएवढा होता. ते वाक्य मी गिळले, आणि ज्याची गरज नव्हती ते दुसरे वाक्य बोलले.

मग मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. आपले रक्त लाल असते ते लोहामुळे. झिंगे आणि खेकडे यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम तांबेच करते. त्या द्रव्याला हिमोसायनिन म्हणतात, प्राणवायू मिळाला की ते निळसर होते. म्हणजे कणभर तांब्यावाचून ते जगत नाहीत आणि कणभर जास्त झाले की मरतात. आण्णा प्रथमच हसले. म्हणाले, "म्हंजे ही आपल्या दुकानातलीच मंडळी. मालकाचं थोडं बोलणं चालतं, जास्त झालं की संपलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीशेजारी एक निळी प्लॅस्टिकची बादली होती. तिच्या कडीला देवळातला लाल धागा बांधलेला. "ही झिंग्यांची बादली. हिच्यात दुसरं काही भरायचं नाही," असे त्यांनी आईला आणि आजीला बजावले. दुकानातून आल्यावर पेटीपुढे बसण्याआधी आता ते साबणाने हात दोनदा धुतात.

महिन्याभराने अंडी फुटली. झिंग्याची पिले जन्मतःच पूर्ण झिंगे असतात, फक्त तिळाएवढे आणि पारदर्शक. आजीने चष्मा लावून अठरापर्यंत मोजले, मग तिची गाठ चुकली. तिने सुचवले, की फार झाले तर गंगेत सोडून देऊ, पुण्य लागेल. मी म्हटले, "नाही आजी, हे परक्या मुलखातले आहेत. ओहोळात गेले तर आपल्या झिंग्यांच्या खाण्यावर आणि जागेवर येतील." आपले झिंगे म्हणताना मला थोडे चमत्कारिक वाटले. गावातून वाहताना गोदावरी बऱ्याच ठिकाणी सिमेंटखाली झाकलेली आहे. आजीचे लुगडे जिथे भरत असे, तिथे आता ती पाणी पाहायलासुद्धा जात नाही. पेटीपुढे बसून मात्र ती मला ओहोळातल्या झिंग्यांचे रंग, दिवस आणि जागा सांगत असते, आणि मी त्या वहीत उतरवून घेते. या वेळी विचारून घेते. येत्या पावसाळ्यात आम्ही दोघी डोंगराकडच्या ओहोळावर जाऊन पाहणार आहोत. पकडायला नाही, पाहायला. कालवणाचा मुद्दा तिने अजून सोडलेला नाही.

हा अंक निघेल तेव्हा मी तो घरी नेईन. आण्णा तो संध्याकाळी चहाबरोबर हातात घेतील, अक्षरांवरून बोट फिरवत सावकाश वाचतील. चौथी शिकलेल्या माणसाला वाचता येते. त्या दिवशी मी जे बोलले, त्याबद्दल मी अजून त्यांच्यापुढे काही म्हटलेले नाही. ते त्यांनी इथे वाचावे.